इरास्मस आणि ल्यूथर एकाच जिल्दीत: घ्यावा असा खंड, पण वाद इथे संपत नाही

देवाचे सार्वभौमत्व आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य या वादावर काय वाचावे असे कोणी विचारले, की सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याचे नाव लगेच पुढे येते आणि त्याचा प्रतिपक्षी, डच विद्वान इरास्मस, राहून जातो. ‘ल्यूथर अँड इरास्मस: फ्री विल अँड साल्व्हेशन’ या खंडात तसे होऊ शकत नाही, हाच त्याचा पहिला गुण. ‘लायब्ररी ऑफ ख्रिश्चन क्लासिक्स’ या मालेतला हा 17वा खंड 1969 साली निघाला. इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या इरास्मसच्या 1524च्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद गॉर्डन रप यांनी ए. एन. मार्लो यांच्यासोबत केला आहे. ते नाकारणाऱ्या ल्यूथरच्या 1525च्या उत्तराचा अनुवाद फिलिप वॉटसन आणि बी. ड्रूअरी यांचा आहे. दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून स्वतः पडताळायच्या असतील, तर अजूनही हाच खंड आधी घ्यावा. फक्त तो जिथे संपतो तिथे वाद संपलेला नाही, हे घेतानाच लक्षात ठेवावे.

आकाराने तो साडेतीनशे पानांच्या आसपास जातो. त्यात इरास्मसच्या वाट्याला साठेक पाने येतात आणि ल्यूथर सव्वादोनशेच्या पुढे जातो. इतकी पाने एका बाजूला असली की तीच जिंकली असे वाटायला लागते. प्रत्यक्षात ल्यूथरने इरास्मसचे मुद्दे एकामागून एक उचलून उत्तर दिले आहे, म्हणून ग्रंथ फुगला. शिवीगाळही बरीच आहे. इरास्मसच्या भाषेला तो सोन्याचांदीच्या भांड्यातून वाहिलेला कचरा म्हणतो, आणि शेवटी मात्र आभार मानतो: पोपपद, शुद्धिस्थान, पापक्षमापत्रे असल्या किरकोळ गोष्टी सोडून तुम्ही एकट्यानेच मूळ मुद्द्याला हात घातलात, थेट गळ्यालाच धरलेत. सोळाव्या शतकातला वादाचा रिवाज म्हणून हे सोडून द्यावे. शिव्यांवर खुणा करत बसले की युक्तिवाद हातातून सुटतात.

प्रस्तावनेत रप आणि वॉटसन यांनी एकेक बाजू मांडली आहे. पहिल्या वाचनाला ती वगळली तरी चालते. थेट इरास्मसच्या व्याख्येवर जावे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तो म्हणतो, इच्छास्वातंत्र्य म्हणजे मानवी इच्छेची अशी शक्ती, जिच्यामुळे माणूस सार्वकालिक तारणाकडे नेणाऱ्या गोष्टींकडे वळू शकतो किंवा त्यांच्यापासून पाठ फिरवू शकतो. व्याख्या वहीत उतरवून समोर ठेवावी. उद्या कोणते कपडे घालावे, कोणता धंदा करावा, हा इथला प्रश्नच नाही. माणसाच्या खालच्या गोष्टींत, म्हणजे पैसा, मालमत्ता, घरदार यांत, माणसाला निवड आहे हे ल्यूथरही मान्य करतो. वाद आहे तो देवापुढच्या गोष्टींचा.

मग इरास्मस शास्त्रवचने मांडतो. सुरुवात सिराखच्या पुस्तकातल्या 15व्या अध्यायापासून आहे: देवाने आरंभी माणसाला घडवले आणि त्याला त्याच्या स्वतःच्या निर्णयाच्या हाती सोपवले, पुढे अग्नी आणि पाणी ठेवले आहे, हात हवा तिकडे घाल. हे पुस्तक प्रॉटेस्टंट बायबलात सापडणार नाही, कॅथलिक बायबल जवळ लागेल. हे पुस्तक नाकारायचा मला हक्क आहे, पण सध्या स्वीकारतो, असे म्हणून ल्यूथर त्याच वचनावर लढतो. नंतर बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले 30:19 (‘जीवन निवडून घे’), उत्पत्ती 4:7, मत्तय 23:37. इरास्मसचा मुद्दा साधा आहे. निवडायची शक्तीच नसेल तर ‘निवड’ म्हणण्यात अर्थ काय, आणि न करू शकणाऱ्याला शिक्षा करण्यात न्याय कुठला?

ल्यूथरचे उत्तर सुरुवातीला व्याकरणाचे आहे, आणि ते चोख आहे. ‘तुला हवे असेल तर’, ‘कर’, ‘वळ’ ही आज्ञार्थी किंवा अटीची रूपे आहेत. त्यांतून ‘तू करू शकतोस’ हे विधान निघत नाही. मग आज्ञा कशासाठी? पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या (रोम.) 3:20प्रमाणे, पापाची जाणीव करून देण्यासाठी. जो स्वतःला समर्थ समजतो त्याला असमर्थता दाखवण्यासाठी. यावर इरास्मसच्या बाजूने एकच आक्षेप उरतो, पण तो जड आहे: शेकडो आज्ञा, विनवण्या, धमक्या, आश्वासने सगळी फक्त असमर्थता दाखवण्यासाठी असतील, तर एवढ्या प्रकारांची गरज काय?

सगळ्यात धारदार पाने मात्र इथे नाहीत, ती व्याख्येवरच्या चर्चेत आहेत. इरास्मस तीन मते सांगतो. देवाच्या खास कृपेशिवाय माणूस चांगले इच्छूच शकत नाही, हे पहिले. ते कठोर असले तरी संभवनीय, असे तो म्हणतो. इच्छा फक्त पाप करायला समर्थ आहे, हे दुसरे आणि त्याहून कठोर. इच्छास्वातंत्र्य हे नुसते नाव आहे, सगळे अपरिहार्यपणे घडते, हे तिसरे आणि सर्वांत कठोर. ल्यूथर इथे झडप घालतो: पहिले मत संभवनीय म्हणालात ना? मग जी शक्ती कृपेशिवाय चांगले इच्छू शकत नाही ती तारणाकडे ‘वळू’ कशी शकते? तुमची व्याख्या तुम्हीच मोडलीत, आणि तुमची तीन मते मुळात एकच आहेत. हा भाग व्याख्या उघडी ठेवून, वाक्य वाक्य जुळवत वाचावा. संपूर्ण ग्रंथात तर्कदृष्ट्या इतका घट्ट घाव दुसरा नाही.

बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातला मिसरचा राजा फारो हा दुसरा महत्त्वाचा टप्पा. त्याचे मन परमेश्वराने कठोर केले असे 9:12 सांगते, तर 8:15 आणि 8:32 मध्ये फारोने स्वतःच मन कठोर केले असे आहे. इरास्मस ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताच्या वाटेने जातो: एकाच सूर्याने मेण वितळते आणि चिखल कडक होतो, देवाची सहनशीलता तीच, परिणाम माणसाप्रमाणे वेगळा. ल्यूथरला हे पळवाट वाटते. 4:21 मध्ये, म्हणजे मिसरवर आलेल्या पहिल्या पीडेच्याही आधी, ‘मी त्याचे मन कठोर करीन’ असे देव सांगून ठेवतो, हे तो पुढे करतो. पण देव पापाचा कर्ता ठरू नये म्हणून तोही दृष्टांतच घेतो: सुतार दातरी पडलेल्या कुऱ्हाडीने तोडतो तेव्हा तोडणे त्याचे असते, पण घाव वाकडा पडतो तो कुऱ्हाडीमुळे. देव सगळ्यांना हालचाल देतो. दुष्ट इच्छा हलली की दुष्टपणेच हलते. हे उत्तर फारोपुरते पुरते. कुऱ्हाड दातरी पडली कशी, म्हणजे पहिल्या माणसाचे पतन देवाने का होऊ दिले, इथे आले की ल्यूथर थांबतो आणि हे देवाच्या गूढात आहे म्हणतो.

वाचताना घसरायची जागा हीच आहे. ल्यूथर दोन वेगळे युक्तिवाद एकत्र वळतो आणि कुठला कुठे चालू आहे हे सांगत नाही. पहिला पूर्वज्ञानाचा: देव जे आधी जाणतो ते त्याच्या अचल इच्छेने जाणतो, म्हणून सगळे अपरिहार्य आहे. दुसरा पापाचा: पतनानंतर इच्छा बंदिस्त आहे, कृपेशिवाय ती देवाकडे वळत नाही. दुसरा खरा मानला तर पतनापूर्वीचा आदाम मोकळा राहतो. पहिला खरा मानला तर आदामही मोकळा राहत नाही, आणि ज्या लहानसहान गोष्टींत निवड आहे म्हटले त्यांतही ती उरत नाही. म्हणून समासात दोन खुणा कराव्यात, पूर्वज्ञानाला ‘पू’ आणि पापाला ‘प’. मग दिसेल की पौलावर आणि योहानावर उभे असलेले शेवटचे प्रकरण जवळपास सगळे ‘प’ आहे, आणि इरास्मसला जड जाते ते हेच. ‘पू’वाल्या जागी मात्र ल्यूथर स्वतःलाच अडचणीत आणतो. अपरिहार्यता म्हणजे जबरदस्ती नव्हे, हा त्याचा खुलासा इथे लक्षात ठेवावा: येशूचा शिष्य यहूदा याने विश्वासघात केला तो कोणी हात धरून करवला नाही, त्याने तो स्वेच्छेनेच केला, तरी तो घडणारच होता. हा फरक निसटला की ल्यूथर नियतिवादी वाटू लागतो, आणि वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

ग्रंथाची सर्वांत कच्ची जागाही इथेच आहे, यहेज्केल 18:23वरच्या पानांत. पाप्याच्या मरणात मला संतोष नाही, असे देव म्हणतो. मग काहींचा नाश का होतो? ल्यूथर उपदेशातून प्रकट झालेला देव आणि गुप्त देव असा भेद करतो. प्रकट देव मरणावर शोक करतो. गुप्त देवाची इच्छा आपण शोधायची नाही. धर्मोपदेशकाला ही मर्यादा उपयोगी पडेल. पण ज्याला आश्वासनाची खात्री हवी त्याने विचारलेच पाहिजे: वचनामागे वेगळी इच्छा दडलेली असेल, तर वचनावर भार टाकायचा कशाच्या जोरावर? खुद्द ल्यूथरपंथीयांनी 1577च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ या आपल्या मतपत्रात ही धार बोथट केली: बंदिस्त इच्छा ठेवली, पण नाशासाठी पूर्वनिवड नाकारली.

इरास्मसचा निष्कर्ष वाचून अनेकांची निराशा होईल, कारण तो दोन्ही काठांवर पाय ठेवतो. सुरुवात कृपेची, शेवट कृपेचा, मध्ये माणसाच्या इच्छेचा अगदी थोडा वाटा, तोही कृपेच्या आधाराने. नीट चालता न येणाऱ्या मुलाला बाप सफरचंद दाखवतो, हात धरून उभे करतो, नेतो आणि शेवटी हातात देतो. मुलाचे श्रेय किती, तर नाममात्र. हे बुळे उत्तर आहे असे ल्यूथरला वाटले. तेवढे ते बुळे नाही. 1547 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या सहाव्या सत्रात देवाने हलवलेली इच्छा संमती देऊ शकते आणि नाकारूही शकते, असेच धरून ठेवले गेले.

खंडाची उणीव ठोस आहे. इरास्मसने 1526 आणि 1527 मध्ये दोन भागांत प्रत्युत्तर दिले. पहिला भाग फ्रँकफर्टच्या वसंत जत्रेआधी निघावा म्हणून घाईने लिहिला. हे प्रत्युत्तर या खंडात नाही. परिणामी शेवटचा शब्द ल्यूथरचा, आणि व्याख्येवरच्या त्या घावाला इरास्मसने काय म्हटले हे वाचकाला कळत नाही. त्यासाठी क्लॅरन्स मिलर यांनी संपादित केलेले 2012चे ‘इरास्मस अँड ल्यूथर: द बॅटल ओव्हर फ्री विल’ घ्यावे, त्यात प्रत्युत्तरातलेही उतारे आहेत, पण सगळेच निवडक आहे. पूर्ण प्रत्युत्तर हवे असेल तर टोरोंटोच्या इरास्मस समग्र वाङ्मयाचे 76 आणि 77 हे खंड ग्रंथालयात शोधावे लागतात. एर्न्स्ट विंटर यांची 1961ची आवृत्ती छोटी आणि सोयीची आहे, पण ल्यूथर फारच कापला आहे. पडताळणीला ती कामाची नाही. फक्त ल्यूथर वाचायचा तर पॅकर आणि जॉन्स्टन यांचा 1957चा अनुवाद जास्त वाहता आहे, मात्र त्याची प्रस्तावना उघडपणे ल्यूथरच्या बाजूची आहे. हेन्री कोल यांचा 1823चा अनुवाद फुकट मिळतो. भाषा जड, नावीन्य नाही, पण तुलनेला ठीक.

कॅल्व्हिनवादी (तारण देवाच्या निवडीवरच मानणारे) आणि आर्मिनियन (कृपा माणसाला नाकारता येते मानणारे) यांच्या भांडणासाठी कोणी हा खंड घेत असेल तर थांबावे. आर्मिनियनांचे 1610चे पाच मुद्दे, ते फेटाळणारी 1618-19ची डॉर्ट सभा, जेझुइट मोलिनाचे 1588चे मध्यज्ञान (कोण कुठल्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हे देव जाणतो, हा विचार), यांतले इथे काहीच नाही. ते सगळे नंतरचे आहे. त्या मंडळींच्या पुस्तकांत फारो आणि यहेज्केल पुन्हा पुन्हा भेटतात, तेव्हा हा खंड हाताशी असला म्हणजे कुठला युक्तिवाद नवा आणि कुठला 1525मध्येच झालेला, हे चटकन कळते.

पहिल्या वाचनाला हा क्रम ठेवावा: इरास्मसची व्याख्या आणि सिराख, लगेच त्यावरचे ल्यूथरचे उत्तर, मग फारो दोघांकडून, मग रोम. 9 आणि यिर्मया 18 मधला कुंभार दोघांकडून. शेवटी ल्यूथरचे पौल-योहान प्रकरण सलग. इरास्मसच्या प्रस्तावनेवरची ल्यूथरची लांबलचक वादावादी दुसऱ्या खेपेला वाचली तरी बिघडत नाही.