अँड्रॉइड टॅबलेट लॅपटॉप म्हणून : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

स्वस्तातला छोटा लॅपटॉप घ्यावा की कीबोर्डवाला अँड्रॉइड टॅबलेट, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. गेले आठ-नऊ महिने माझं लिखाण, मेल, पीडीएफ वाचणं, ऑनलाइन बैठका आणि थोडंफार स्प्रेडशीटचं काम अशाच एका टॅबलेटवर चाललंय, त्यामुळे आता सविस्तर लिहायला हरकत नाही. यंत्र साधंच आहे. ११ इंची पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, पंखा नसलेला, फोनमध्ये असतो तसा एआरएम जातीचा प्रोसेसर आणि खालच्या कडेला चिकटणारा टचपॅडसकट कीबोर्ड. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टींचा कंपनीशी संबंध नाही. फोनसाठी बनवलेली प्रणाली मोठ्या पडद्यावर आणली की काय सुखाचं होतं आणि काय अडतं, त्याचा हा अनुभव.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखरच चांगलं आहे. कव्हर उघडलं की पडदा लगेच जागा होतो आणि काल रात्री वाक्य जिथे सोडलं होतं तिथेच कर्सर लुकलुकत असतो. बंद करणं, चालू करणं ही कामंच उरली नाहीत. फोनवर कॉल केव्हाही येऊ शकतो, म्हणून फोनची प्रणाली ना पूर्ण झोपते, ना पूर्ण जागी राहते. ज्या ॲपला काम आहे त्याने तेवढ्यापुरता प्रोसेसर जागा ठेवायचा आणि काम झालं की सोडून द्यायचा, ही तिची पहिल्यापासूनची पद्धत. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये त्यावर 'डोझ'ची भर पडली. यंत्र नुसतं पडून असेल तर ॲपांची इंटरनेटवरची ये-जा साठवून ठेवली जाते आणि मधूनमधून एकदमच उरकली जाते. टॅबलेटला हे सगळं आयतं मिळालंय. शुक्रवारी संध्याकाळी मिटून ठेवलेलं यंत्र सोमवारी सकाळी उघडलं तर बॅटरी किरकोळच उतरलेली असते, आणि दिवसभर लिहीत बसले तरी चार्जर शोधावा लागत नाही. पंखा नसल्यामुळे आवाज नाही, मांडीवर चटका नाही. चार्जरही फोनचाच चालतो, त्यामुळे पिशवीत एक वस्तू कमी.

ही कल्पना तशी जुनी आहे. २००७ मध्ये आसुसच्या ७ इंची ईई पीसीने नेटबुकची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपची, लाट आणली, आणि दोनच वर्षांत त्यात मोबाइलची प्रणाली घालून पाहणं सुरू झालं. एसरने २००९ मध्ये ॲस्पायर वन डी२५० मध्ये विंडोज एक्सपीच्या जोडीला अँड्रॉइड १.६ दिलं होतं. २०१० मध्ये तोशिबाचं एसी१०० आलं. टेग्रा प्रोसेसर, १०.१ इंची पडदा, अँड्रॉइड २.१ आणि वजन जेमतेम ८७० ग्रॅम. पण त्याचा पडदा स्पर्शाचा नव्हता, ॲप मात्र सगळी बोटासाठी लिहिलेली, आणि त्यात गूगलचं ॲप मार्केटही त्यावर नव्हतं. पुढच्याच वर्षी मोठ्या पडद्यासाठी खास केलेलं अँड्रॉइड ३ आलं आणि त्यावर आसुसचा ईई पॅड ट्रान्सफॉर्मर निघाला. त्याचा कीबोर्ड जोडता-सोडता येई आणि त्या कीबोर्डात वेगळी बॅटरीही होती. माझ्याकडचं यंत्र त्याच घराण्यातलं. मधल्या काळात प्रोसेसर, पडदा, वायफाय सगळं कुठल्या कुठे गेलं. ॲप मात्र त्या मानाने फारशी हलली नाहीत.

हे सगळ्यात जास्त जाणवतं ते मराठी टाइप करताना. फोनवर मराठी लिहिणं आता इतकं अंगवळणी पडलंय की टॅबलेटवर ते आणखी सोपं जाईल असं कुणालाही वाटेल. पण पडद्यावरच्या कीबोर्डची सगळी हुशारी, म्हणजे रोमन अक्षरांतून देवनागरी करणं, पुढचा शब्द सुचवणं, ही त्या कीबोर्ड ॲपची असते. खरा कीबोर्ड जोडला की ते ॲप मागे सरतं आणि कळींचा नकाशा, म्हणजे कोणत्या कळीवर कोणतं अक्षर ते, प्रणालीकडे जातो. माझ्या टॅबलेटच्या सेटिंगमधल्या अशा नकाशांच्या यादीत कितीतरी युरोपीय भाषा होत्या, मराठी नव्हती. शेवटी प्ले स्टोअरवरचं एक छोटं ॲप बसवून त्यातून इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्डचा, नकाशा जोडला. आता कंट्रोल-स्पेस दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर जाता येतं आणि शिफ्टसोबत 'ऱ'ही मिळतो, त्यामुळे 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असे शब्द नीट उमटतात. मात्र इनस्क्रिप्टमध्ये आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसोबत ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात ते इथे येत नाहीत. अँड्रॉइडच्या नकाशा-फाइलमध्ये एका कळीला एकच युनिकोड अक्षर देता येतं, आणि ही जोडाक्षरं तर तीन-तीन अक्षरांची बनलेली. म्हणून 'त्र' लिहायला त, हलन्त, र अशा तीन कळी दाबाव्या लागतात. बोटांना त्याची सवय होते. पण ज्याला इनस्क्रिप्ट येतच नाही त्याने काय करायचं? त्याला खरा कीबोर्ड असूनही मराठीसाठी काचेवरच्याच कीबोर्डवर परतावं लागतं. इतक्या भाषकांची भाषा असताना प्रणालीने हा नकाशा मुळातच द्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण खिडक्यांची. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, दोन ॲप शेजारी शेजारी उघडता येतात आणि मी ते सतत करते. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला लेखन. मधली रेघ सरकवून पीडीएफला जरा जास्त जागा दिली की काही ॲप चटकन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखी दिसतात. अँड्रॉइडची मूळ पद्धतच अशी आहे की आकार किंवा दिशा बदलली की ॲपचा पडदा पाडायचा आणि नव्याने उभारायचा. आधी काय लिहिलं होतं, यादी कुठवर सरकवली होती, हे जपणं ॲप लिहिणाऱ्याच्या हातात. चांगली ॲप ते जपतात. एका ॲपमध्ये मात्र लांबलचक उत्तर अर्धं लिहून झालं होतं, मी रेघ सरकवली आणि चौकट कोरी झाली. फोनवर हा दोष सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिथे खिडकीचा आकार फारसा बदलतोच कुठे!

काही ॲप तर आडवी व्हायलाच तयार नसतात. ११ इंची पडद्याच्या मधोमध फोनच्या आकाराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख. २०२५ च्या अँड्रॉइड १६ मध्ये गूगलने इथे नियम घट्ट केला आहे. त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपांना मोठ्या पडद्यावर आकाराचा किंवा दिशेचा हट्ट धरता येत नाही. खेळांना यातून वगळलंय आणि बाकीच्यांनाही तूर्त सूट मागता येते, पण दिशा योग्य आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या नेटबुकांना जे भोवलं त्यावर हाच उपाय आहे.

४ जीबी रॅमबद्दल स्पष्टच सांगते, घेऊ नका. रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागची ॲप न विचारता बंद करतो. फोनसाठी ते शहाणपणाचं आहे. लॅपटॉपसारखं काम करताना मात्र बैठकीचं ॲप सुरू केलं आणि परत ब्राउझरकडे आले की पान पुन्हा लोड होतं आणि अर्धा भरलेला फॉर्म गेलेला असतो. मोठे फॉर्म भरताना मी आता दुसरं काहीच उघडत नाही. ८ जीबीच्या यंत्रावर हा त्रास बराच कमी होतो, एका सहकाऱ्याच्या टॅबलेटवर तेच काम करून पाहिलं तेव्हा फरक लगेच दिसला.

फाइलींचं प्रकरणही असंच फोनच्या विचाराने चालतं. अँड्रॉइड ११ पासून प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंद असतं, दुसऱ्याच्या फाइली त्याला सरसकट दिसत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तम, आणि मला ते बदलायला नको आहे. फक्त एक फाइल तीन ॲपमधून फिरवली की तिच्या तीन प्रती होतात आणि ताजी कोणती हे नावावरून कळत नाही. मी एकच फोल्डर ठरवून ठेवलाय आणि ज्या ॲपला थेट त्यातली फाइल उघडून तिथेच जतन करता येते तेच ॲप वापरते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने मांडलेली जुनी हार्डडिस्क माझ्या टॅबलेटने वाचलीच नाही, एक्सफॅट पद्धतीचा पेनड्राइव्ह बिनतक्रार चालतो. स्प्रेडशीटचं मोबाइल ॲप बेरजा-वजाबाक्यांना पुरतं, मोठ्या तक्त्यांना नाही. छपाई मात्र पहिल्या झटक्यात झाली.

ब्राउझरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एखादं संकेतस्थळ मोबाइलचं पान दाखवत असेल तर 'डेस्कटॉप साइट' निवडायची. एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी साधनं) हवी असतील तर फायरफॉक्स घ्यायचा, अँड्रॉइडवर २०२३ च्या अखेरीपासून त्यात ती मोकळेपणाने घालता येतात.

हीच प्रणाली आता टीव्हीत, घड्याळात, गाडीतही शिरली आहे, त्यामुळे टॅबलेट एकटा राहत नाही. फोनवर स्कॅन केलेला कागद क्विक शेअरने दोन सेकंदांत टॅबलेटवर येतो, आणि टॅबलेटवरची सादरीकरणाची पानं टीव्हीवर पाठवून सगळ्यांना दाखवता येतात. इथे एक इशारा द्यायलाच हवा. टीव्हीला जोडायच्या निनावी, अतिस्वस्त अँड्रॉइड पेट्या घेऊ नका. कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घालून आलेल्या अशा यंत्रांच्या 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. घेण्याआधी प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे गूगलने यंत्र तपासल्याचं, प्रमाणपत्र आहे का ते पाहावं. जोडीला वाइडवाइनची, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाची, पातळी एल१ आहे का तेही. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्रपटांच्या बऱ्याच सेवा एचडी चित्र देत नाहीत.

आता आयुष्याचा प्रश्न, आणि मला सगळ्यात मोठी काळजी याचीच वाटते. जुन्या इंटेलवाल्या नेटबुकावर आजही एखादी हलकी लिनक्स प्रणाली टाकून काम भागवता येतं, कारण त्या सगळ्या यंत्रांची सुरू होण्याची रीत एकसारखी आहे. स्वस्त एआरएम टॅबलेटचं तसं नाही. प्रत्येकाचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) वेगळे, बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) बहुधा कुलूपबंद, त्यामुळे कंपनीने अपडेट थांबवली की आपल्या हातात फारसं काही उरत नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने चिपनिर्मात्याचा भाग आणि मूळ प्रणाली वेगळ्या केल्या, त्याने अपडेट देणं सोपं झालं. तरी ती द्यायची की नाही हे अजून कंपनीच ठरवते. क्रोमबुकला, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपला, गूगलने २०२३ मध्ये १० वर्षांची अपडेट जाहीर केली. स्वस्त टॅबलेटच्या खोक्यावर असा आकडा शोधूनही सापडत नाही.

त्यामुळे विचारणाऱ्यांना मी असं सांगते. वाचन, लेखन, मेल, बैठका एवढंच असेल आणि इनस्क्रिप्ट येत असेल किंवा शिकायची तयारी असेल, तर ८ जीबी रॅमचा, किती वर्षं अपडेट मिळणार ते लेखी सांगणारा टॅबलेट बेलाशक घ्या. विद्यार्थ्याला प्रोग्रामिंग शिकायचं असेल किंवा रोज मोठे तक्ते हाताळायचे असतील तर लॅपटॉपच घ्या, क्रोमबुक घ्यायचं असेल तर त्याच्या अपडेटची शेवटची तारीख आधी पाहा. माझ्या यंत्रावर सुरक्षेचं शेवटचं अपडेट मागच्या तिमाहीत आलं. कंपनीला लिहून विचारलंय की पुढचं कधी, उत्तर आलं की इथेच खाली भर घालेन.