एडवर्ड की दमास्क?

गोव्यात अंगणात सुवासिक गुलाबी गुलाब लावायचा तर मी डोळे मिटून एडवर्ड सांगेन. हिंद महासागरातल्या रीयुनियन बेटावर दमास्क या जुन्या सुगंधी गुलाबाच्या आणि चिनी गुलाबाच्या संकरातून तो आला. चिनी रक्तामुळे उन्हाळी हवेतही पुन्हा पुन्हा फुलतो. देठ आखूड, पाकळ्या गच्च, आणि सकाळी दार उघडताच वास!

दमास्कचा सुगंध याहून खोल, कन्नौजचं गुलाब अत्तर त्याचंच. पण त्याला थंडी हवी, बहर मुख्यतः वर्षातून एकदाच. फोंड्याच्या दमट हवेत त्याच्यामागे कशाला लागायचं?

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके दोघांनाही पडतात. म्हणून झाड उंचवट्यावर लावा, जांभ्याच्या मातीत शेणखत भरपूर मिसळा, पाणी मुळाशीच घाला. छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात.