हवेचा कूलर, बंदिस्त संच की घरी बांधलेली पाण्याची यंत्रणा : संगणकासाठी कोणता पर्याय निवडावा?

संगणक पाण्याने थंड ठेवावा की हवेने, हा प्रश्न बहुतेक जण प्रोसेसरचे तापमान पाहून विचारतात. माझ्या मते तो ग्राफिक्स कार्डाकडे पाहून विचारायला हवा. मोठा हवेचा कूलर, कारखान्यातून द्रव भरूनच येणारा बंदिस्त ‘ऑल-इन-वन’ संच आणि सुटे भाग जोडून घरी बांधलेली यंत्रणा, हे तीन पर्याय समोर असतात, आणि तिन्हींना उष्णता अखेर हवेतच सोडावी लागते. त्यामुळे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर कितीही मोठा घेतला, तरी पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. पाण्याचे खरे बळ वाहून नेण्यात आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत ते सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते, म्हणून चिपजवळची उष्णता उचलून जिथे मोठा रेडिएटर आणि सावकाश फिरणारे पंखे मावतात तिथे नेता येते.

प्रोसेसरपुरता विचार केला, तर हा फायदा बराच आटतो. आजच्या प्रोसेसरमध्ये उष्णता सिलिकॉनच्या अगदी लहान तुकड्यात निर्माण होते आणि कूलरपर्यंत पोहोचण्याआधी तिला वरचे धातूचे झाकण पार करावे लागते. मुख्य अडथळा तिथेच असल्याने पुढे पाणी आहे की हवा, याने अपेक्षेइतका फरक पडत नाही. रायझन ७ ७८००एक्स३डी हा १२० वॅट दर्जाचा प्रोसेसर दोन पंख्यांच्या चांगल्या हवेच्या कूलरवर निर्धास्त चालतो. कोअर आय९-१४९००के पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत जातो, आणि तिथे ३६० मिलिमीटर रेडिएटरचा बंदिस्त संच घेणे समंजसपणाचे ठरते. केवळ प्रोसेसरसाठी घरी यंत्रणा बांधणाऱ्याला मात्र खर्च आणि मेहनतीच्या मानाने थोडेच अंश पदरात पडतात.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट वेगळी आहे. तिथे चिप मोठी असते, तिच्यावर झाकण नसते आणि वॉटरब्लॉक, म्हणजे आतून पाणी खेळणारा धातूचा ठोकळा, थेट सिलिकॉनवर बसतो. पूर्ण आकाराचा ब्लॉक मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भागही झाकतो. आरटीएक्स ४०९० सारखे ४५० वॅटचे कार्ड हवेवर चालताना ती सारी उष्णता पेटीच्या आतच फेकते, आणि प्रोसेसरचा कूलर तीच तापलेली हवा ओढतो. प्रोसेसरसाठी घेतलेला बंदिस्त संच याबाबतीत काहीच करू शकत नाही. कार्ड पाण्यावर आणले की त्याचे तापमान ठळकपणे उतरते आणि, मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, तासन्‌तास भार असतानाही पंख्यांचा आवाज चढत नाही.

यंत्रणेचा आकार ठरवताना थोडे गणित उपयोगी पडते. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात ३०० वॅट उष्णता मिसळत असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम १ अंशाने तापते. म्हणूनच आधी प्रोसेसर की आधी कार्ड, या क्रमाला फारसे महत्त्व नाही. फक्त टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी, कारण पंपाला वंगण आणि थंडावा पाण्यातूनच मिळतो आणि कोरडा चालवल्यास तो लवकर निकामी होतो. रेडिएटरसाठी दर १०० वॅटला १२० मिलिमीटरचा एक भाग असा ढोबळ हिशेब धरला, तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून ६०० वॅट होत असल्यास ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर लागतात. पेटीत ते मावत नसतील, तर बेत तिथेच थांबवावा.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला हौशी मंडळींनी मत्स्यालयाचा पंप आणि मोटारीच्या हीटरचा रेडिएटर वापरून अशा यंत्रणा उभ्या केल्या, आणि त्या चालल्याही. आज जुने भाग वापरण्याआधी धातू तपासणे अत्यावश्यक आहे. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले, की ॲल्युमिनियम झिजत जाते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत अडकतो. बंदिस्त संचांत हीच जोडी सर्रास असते हे खरे, पण तिथे गंजरोधक द्रव कारखान्यातच भरून सील केलेला असतो. त्यावरून घरच्या यंत्रणेसाठी निष्कर्ष काढू नये.

गळतीचा धोका हवेच्या कूलरला नाही आणि बंदिस्त संचात तो क्वचित उद्भवतो. घरच्या यंत्रणेत प्रत्येक जोड ही बांधणाऱ्याची जबाबदारी असते. डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही या समजावर विसंबू नये, कारण यंत्रणेत फिरताना त्यात धातूचे आयन मिसळतात. पाणी भरण्यापूर्वी हातपंपाने साधारण अर्धा बार दाब देऊन अर्धा तास मापकाचा काटा पाहावा. तो किंचितही खाली सरकला, तर एकेक जोड उघडून रबरी कडी पिळवटली आहे का हे तपासावे. त्यानंतर मदरबोर्डाला वीज न देता फक्त पंप चालवून, जोडांखाली कोरडे टिपकागद पसरून, यंत्रणा काही तास फिरवावी.

देखभालीत तफावत मोठी आहे. हवेच्या कूलरची धूळ झाडली आणि कधीतरी पंखा बदलला, की तो वर्षानुवर्षे साथ देतो. बंदिस्त संचातील द्रव नळ्यांच्या भिंतींतून हळूहळू कमी होतो, आणि पंप थकला की बहुधा पूर्ण संच टाकून द्यावा लागतो. घरच्या यंत्रणेतला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येतो, पण साधारण वर्षाला पाणी काढून नवे भरावे लागते आणि शेवाळरोधक विसरून चालत नाही. शिवाय कार्डाचा ब्लॉक त्या विशिष्ट कार्डासाठीच बनलेला असतो, त्यामुळे कार्ड बदलले की बहुधा तोही नवा घ्यावा लागतो. दर दोन वर्षांनी कार्ड बदलणाऱ्यांनी हा खर्च आधीच मांडावा.

तेव्हा मध्यम प्रोसेसर असेल किंवा संगणक वारंवार हलवायचा असेल, तर हवेचा कूलर निःशंक घ्यावा. प्रोसेसर तापट आणि कार्ड साधारण असेल, तर बंदिस्त संच घ्यावा. कार्ड ३५० वॅटच्या पुढचे आहे, शांतता हवी आहे आणि वर्षातली एक दुपार देखभालीला द्यायची तयारी आहे, अशांनी यंत्रणा जरूर बांधावी. पहिल्या वेळी कडक नळ्यांच्या मागे न लागता काळ्या ईपीडीएम रबराच्या लवचीक नळ्या घ्याव्यात, कारण स्वस्त पारदर्शक नळ्यांतून पाझरणारा प्लास्टिसायझर, म्हणजे नळी मऊ ठेवणारे रसायन, ब्लॉकमध्ये साचतो. सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याची तोटीही पहिल्याच दिवशी बसवावी. ती नसेल तर पाणी बदलताना भरलेली पेटी मदरबोर्डासकट कलती करावी लागते.