आई-बाबांसाठी बांधलेलं घर: डिझाईन मस्त, साईटवर ढिलाई

नागपुरात बेसा रोडला आई-बाबांसाठी घर बांधलं तेव्हापासून आर्किटेक्ट मॅडमबद्दल सगळेच विचारून राहिले, म्हणून एकदाच लिहितो, नाव पाहिजे तर फोन करा.

पहिल्याच मीटिंगमध्ये मॅडमनी प्लॉटचा नकाशा बाजूला ठेवला आणि टेप काढून आईलाच खुर्चीतून उठ-बस करायला लावली, तिच्या गुडघ्यांच्या हिशोबाने कमोडची सीट 18 इंचावर घेतली. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं आणि बाहेरच्याला आत जाताच येत नाही. हे मला तरी आधी कोणी सांगितलं नव्हतं.

रॅम्पवरून बाबा जाम भडकले. जोतं दीड फूट, 1:12 चा उतार (1 फूट चढायला 12 फूट लांबी) म्हणजे 18 फूट लांबी, "काहून रे, दवाखाना काढतो का इथे?" मॅडमनी तो पोर्चच्या कडेने वळवून मधे सपाट जागा ठेवली. आता बाबाच रोज त्यावरून स्कूटी चढवतात, काही बोलत नाहीत.

उन्हाचं काम मात्र खरंच डोक्याने केलंय. जिना, स्टोअर, बाथरूम सगळं पश्चिमेला, बेडरूम पूर्वेला, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सचे तुकडे बसवलेली फरशी. मे मध्ये बाहेर 45 असतं तेव्हा फरक कळतो. आणि कूलर! त्याच्यासाठी खिडकीबाहेर कमी उंचीचा ओटा, नळाची लाईन, फ्लोट आणि पाणी सोडायला ड्रेन, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने बादली घेऊन स्टुलावर चढायची भानगडच नाही. समोरच्या भिंतीला वर झरोका ठेवलाय कारण हवा बाहेर निघाली नाही तर कूलर नुसता दमट करतो. पावसाळ्यात तसाही कूलर काही कामाचा नाही, त्यासाठी एकाच खोलीत एसी. पंखे बीएलडीसी, साध्याला 75 वॅटच्या आसपास लागतात, याला 30. सोलर 3 किलोवॅट, सूर्यघर योजनेत 78,000 सबसिडी.

आता तक्रार. मॅडम साईटवर फार कमी आल्या. कमोडशेजारचा धरायचा रॉड ठेकेदाराच्या माणसाने एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) भिंतीत साध्या प्लास्टिक गट्ट्यावर ठोकला, मी जोर देऊन ओढला तर सरळ हातात आला, सोबत मूठभर भुगा. आई धरून उठत असती तर? फोटो पाठवल्यावर मॅडमनी त्याच दिवशी केमिकल अँकर (भोकात केमिकल भरून पक्का चिकटवलेला बोल्ट) टाकून घेतला, वेगळे पैसे नाही घेतले, तेवढं मान्य. पण ड्रॉइंगमध्ये आधीच लिहायला पाहिजे होतं ना भाऊ, आणि असा रॉड बसवताना कोणी उभं राहायला नको का?

5 पैकी 4 देतो. फी जास्त आहे, पण घासाघीस फीवर नका करू, साईट व्हिजिट किती ते कागदावर लिहून घ्या, आमच्यात नुसतं 'गरजेनुसार' लिहिलं होतं.