आयटी देखरेखीसाठी अॅनालिटिक्स : स्वतः उभारावे की विकत घ्यावे?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतील कारखान्याचा ईआरपी सर्व्हर (साठा, बिले, पगार असे सारे व्यवहार सांभाळणारा) रात्रपाळीत मंदावला, की माल भरलेला ट्रक वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाअभावी गेटवरच अडकतो. त्यामुळे बिघाडाची चाहूल आधीच देणारी यंत्रणा हवी याबद्दल इथे फारसे दुमत नसते, वाद असतो तो ती स्वतः उभारायची की विकत घ्यायची याचा.

पहिला मार्ग प्रोमिथियस (सर्व्हरची आकडेवारी गोळा करून इशारे देणारे) आणि ग्राफाना (ती आलेखांत दाखवणारे) या ओपन सोर्स साधनांचा. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियसला परवाना शुल्क नाही आणि डेटा आपल्याच सर्व्हरवर राहतो. मात्र इशाऱ्यांचे नियम आपणच लिहायचे असतात. सीपीयूचा (प्रोसेसरचा) वापर ८० टक्क्यांवर गेला की मेसेज, असा सरसकट नियम ठेवला तर महिनाअखेरीस पगारपत्रके निघताना फोन वाजतच राहतो आणि पुढे खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी बघत नाही.

स्प्लंक, डायनाट्रेस यांसारखी तयार उत्पादने नेहमीचा भार कसा असतो हे जुन्या डेटावरून शिकतात आणि एकाच बिघाडातून उठलेले अनेक इशारे एकत्र दाखवतात. आकारणी मात्र बहुधा वापरानुसार होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (यंत्रणांच्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. ते सगळे या उत्पादनांतच ठेवल्यास बिल फुगते.

पहिल्या मार्गाची सारी भिस्त एकाच जाणकारावर असेल (आणि असे जाणकार पुण्याला निघून जातात, हे नाशिककरांना सांगायला नको), तर ईआरपीपुरते तयार उत्पादन घ्यावे आणि जुने लॉग स्वस्त साठवणुकीत ठेवावेत.