रावपुऱ्यातील अपस्मार चिकित्सालय : तीन भेटींनंतरचा अभिप्राय

माझ्या थोरल्या भावाला लहानपणापासून फीट (अपस्माराचा झटका) येते; बडोद्यात शेजारीपाजारी तिला 'खेंच' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत त्याला चार झटके आले, पुढचे दोन दिवस तो इतका पूर्ववत होता की शेव-उसळ आणायला स्वतः खाली उतरला, आणि तिसऱ्या पहाटे मोरीच्या जाळीला कान लावून 'ते माझं नाव घेताहेत' असे कुजबुजू लागला. आई मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला बसली. आधी ज्या रुग्णालयात गेलो, तेथे मेंदूविकारवाल्यांनी झटके थांबले म्हणून मनोविकार विभागाकडे धाडले आणि त्यांनी फाईल फीटची म्हणून परत पाठविले.

येथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न भासांविषयी विचारलाच नाही. शेवटचा झटका कोणत्या तारखेला आला आणि मधले दिवस कसे गेले, हे विचारून त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली. लागोपाठच्या झटक्यांनंतर काही तासांपासून आठवड्यापर्यंत माणूस स्वस्थ राहतो आणि मग भ्रम सुरू होतो. तो बहुधा काही दिवसांत ओसरतो, पण तेवढ्यात रुग्ण स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावर उठू शकतो, म्हणून त्याला एकटे सोडायचे नाही, असे त्यांनी बजावले. आम्ही फसलो ते त्या मधल्या दोन दिवसांमुळेच. याच्या उलटही घडते : स्वित्झर्लंडचे डॉक्टर लांडोल्ट यांनी 1950च्या दशकात ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख) सुधारताच मन बिघडलेले रुग्ण नोंदविले होते. लेव्हेटिरासिटाम या फीटवरील औषधाने काहींची चिडचिड वाढते, हेही येथेच कळले.

फीटचे औषध चालू ठेवून क्लोबाझाम हे झटके रोखणारे आणखी एक औषध आणि भ्रमावरील औषध अल्प मात्रेत, थोड्याच दिवसांसाठी दिले. भ्रमावरील काही औषधे, विशेषतः क्लोझापिन, झटक्यांचा धोका वाढवितात, हे चिठ्ठी लिहितानाच सांगितले. नवव्या दिवशी दादाने त्याच मोरीपाशी बसून दाढी केली.

तक्रारी आहेत. अकराची वेळ घेऊन आत जायला दीड वाजला, आणि ईईजीची खोली दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, हे गुंगीतल्या रुग्णाला दोघांनी धरून चढविताना फार जाणवते. नोंदवहीत झटक्यांच्या रकान्याशेजारी झोप व वागणूक यांचे रकाने आहेत, ही सोय उत्तम; मात्र मथळे गुजराती-इंग्रजीत असल्यामुळे आईसाठी त्यांवर मराठी चिठ्ठ्या मला चिकटवाव्या लागल्या.