यकृत खंडिकेचे मॉडेल: रचना चोख, सोबतचा तक्ता सदोष

शालिमार परिसरातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून आमच्या नर्सिंग महाविद्यालयासाठी यकृताच्या खंडिकेचे (यकृत ज्या असंख्य सूक्ष्म घटकांनी बनते, त्यातल्या एकाचे) मोठे फायबर मॉडेल मागवले. यकृतातील रक्तप्रवाह आणि त्यावर नियंत्रण ठेवणारी रसायने शिकवणे हा खरेदीचा मुख्य हेतू असल्याने अभिप्रायही त्याच अंगाने लिहीत आहे.

रचनेत नाव ठेवायला जागा नाही. षट्कोनी खंडिकेच्या कोपऱ्यांवर पोर्टल शिरा (पचनसंस्थेकडून यकृतात रक्त आणणारी), यकृत धमनी आणि पित्तनलिका शेजारीशेजारी दिसतात, आणि दोन्ही वाहिन्यांचे रक्त सायनुसॉइडमध्ये, म्हणजे यकृतपेशींमधल्या बारीक रक्तवाहिन्यांत, मिसळून मध्यवर्ती शिरेकडे कसे जाते, हे विद्यार्थिनी बोट फिरवून समजून घेतात. यकृतात येणारे सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून येत असले, तरी प्राणवायूचा जवळपास निम्मा पुरवठा धमनी करते. शिरेची रुंदी आणि धमनीचा लालभडक रंग पाहून हा मुद्दा सांगणे सोपे जाते.

घोटाळा सोबतच्या तक्त्यात आहे. त्यावर दोन्ही वाहिन्यांमध्ये दुहेरी बाण काढून, एकीचा प्रवाह घटला की दुसरीचा वाढतो, असे छापले आहे. हे अर्धेच खरे आहे. पोर्टल शिरेतील प्रवाह घटला की धमनी रुंदावते. मात्र धमनीतील प्रवाह घटल्यास पोर्टल शिरा तशी भरपाई करत नाही, कारण तिच्यात किती रक्त यावे हे जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडून परतणाऱ्या रक्तावर ठरते. कॅनडातील संशोधक वेन लॉट यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार या वाहिन्यांभोवतीच्या द्रवाने भरलेल्या अरुंद जागेत ॲडिनोसिन हे धमनी सैलावणारे रसायन सतत स्रवत असते आणि पोर्टल शिरेतील रक्त ते वाहून नेते. प्रवाह मंदावला की ते साचते आणि धमनीच्या भिंतीतील स्नायू सैलावतात. मॉडेलमध्ये नेमक्या त्या जागी गुलाबी रंग थापून ती बुजवली आहे! शिकवण्याचा गाभाच तिथे असताना ही काटकसर पटत नाही.

सायनुसॉइडला बिलगलेली तारकाकृती पेशी मात्र सुरेख उतरली आहे. तिच्यातले स्निग्ध थेंबसुद्धा वेगळे ओळखू येतात. पट्टीवर फक्त ‘जीवनसत्त्व अ साठवणारी पेशी’ एवढेच लिहिले आहे. एंडोथेलिन या रसायनामुळे ती आकुंचन पावून सायनुसॉइड अरुंद करते, नायट्रिक ऑक्साइडमुळे सैल होते, आणि सिरोसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजारात) यकृतात नायट्रिक ऑक्साइड कमी पडत असतानाच आतड्यांकडच्या धमन्यांत ते वाढून त्या रुंदावतात. परिणामी आत अडथळा आणि बाहेरून वाढीव रक्त, असा दुहेरी भार पडून पोर्टल शिरेतील दाब चढतो. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा असलेल्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल का देतात, हे वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुलींना याच टप्प्यावर उमगते, कारण ते औषध आतड्यांकडून येणारे रक्त कमी करते.

दुकानाची वागणूक सौजन्याची आहे. पक्के बिल मिळाले आणि पोहोचही वेळेत झाली. तक्त्यातील चूक कंपनीला कळवतो असे दुकानदार म्हणाले, पण दुरुस्त प्रत अजून आलेली नाही. शाळेसाठी हे मॉडेल गरजेपेक्षा महाग आहे. नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या वर्गासाठी अवश्य घ्यावे, मात्र तक्त्याचे पैसे वेगळे लावत असल्यास तो सरळ नाकारावा आणि स्टँड आधीच मागून घ्यावा, कारण तो खोक्यात येत नाही.